गवंड्याची साक्ष मराठीत घ्या
एकस्व (पेटंट) महानियंत्रकांना खुले पत्र

प्रति,
मा. महानियंत्रक,
एकस्व, अभिकल्प व व्यापारचिन्हे,
भारत सरकार



विषय वीतभर लाकडाच्या ठोकळ्याचा आहे. आपल्या कार्यालयात औषधे, मोबाईल आणि उपग्रह यांचे अर्ज येतात, त्यांत हा ठोकळा कुठे, असे वाटेल. पण पेटंटची परीक्षा नीट होते की नाही हे अशा क्षुल्लक वस्तूंवरच कळते. मोठ्या शोधावर दोन्ही बाजूंनी वकील उभे असतात. ठोकळ्याच्या बाजूने कोणी नसते.

अमेरिकेत घरांच्या बाहेरच्या भिंतींवर लाकडी फळ्यांचे किंवा प्लास्टिकच्या पट्ट्यांचे आवरण चढवतात, त्याला सायडिंग म्हणतात. एक पट्टी दुसरीवर थोडी चढलेली, त्यामुळे भिंत कुठेच सपाट नसते. तिच्यावर दिवा, नळ किंवा विजेचा प्लग बसवायचा तर मध्ये एक ठोकळा लागतो. त्याची मागची बाजू पट्ट्यांच्या उताराशी जुळणारी, पुढची सपाट, आणि कडेने पाणी आत जाऊ न देणारी पाळ. एवढ्याशा वस्तूवर तिकडे एकामागून एक पेटंटे निघाली आहेत. पाळ किती बाहेर, खाच कोणत्या बाजूला, दोन भाग एकमेकांत कसे अडकतात, अशा बारीकसारीक गोष्टींवर त्यांची हद्द ठरते.

आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा-लोहारा भागात सायडिंग नाही, पन्हळी पत्रा आहे. गोठा, टपरी, पंपघर, वेल्डिंगचे दुकान, कुठेही बघा, भिंत पत्र्याची. आणि पत्र्यालाही दुखणे तेच. त्यावर मीटरची पेटी किंवा बोर्ड बसवायचा तर मागे पोकळी राहते, स्क्रू आवळला की पत्रा चेपतो, पावसाळ्यात तिथूनच पाणी आत येते. यावर आमच्याकडचा मिस्त्री काय करतो ते मी जवळून पाहिले आहे. बाभळीचा तुकडा पत्र्यावर उभा धरून तो पन्हळीची लाट पेन्सिलीने लाकडावर उतरवतो. पटाशीने ती लाट कोरतो, कानस मारतो, म्हणजे तुकडा पत्र्यावर गच्च बसतो. मागे सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. स्क्रू घालायचा तो पन्हळीच्या उंचवट्यावर, खोलगट भागात कधीच नाही, कारण पाणी खोलगट भागातून वाहते. ठोकळ्याची वरची कड तिरकी छाटायची, म्हणजे पाऊस तिथे थांबत नाही. वायरीचे भोक आतल्या बाजूला चढते पाडायचे आणि वायरीला बाहेर खाली झोळ द्यायचा, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब झोळाच्या टोकाशी गळून पडतो. हे त्याला कोणी शिकवले विचारले तर तो उस्तादाचे नाव सांगतो, आणि उस्ताद त्याच्या उस्तादाचे.

आता समजा, उद्या कोणी हीच वस्तू प्लास्टिकच्या साच्यात ओतली आणि आपल्याकडे अर्ज केला: ‘असमतल आवरणावर उपकरण बसवण्यासाठी आधार-ठोकळा, ज्याची मागील बाजू आवरणाच्या आकाराशी सुसंगत असून वरील कडा उतरती आहे...’ परीक्षक शोध घेईल. अमेरिकी पेटंटे सापडतील, त्यांच्यापेक्षा यात पन्हळीचा आकार वेगळा, उतरती कड वेगळी, असे दिसेल. बाभळीचा तुकडा मात्र त्याला कुठल्याही संगणकात सापडणार नाही.

दोष परीक्षकाचा नाही. पेटंट कायदा, १९७० च्या कलम १३ नुसार पूर्वीच्या ज्ञानाचा शोध त्याने घ्यायचा तो प्रकाशित कागदपत्रांत. कलम ३ मध्ये पारंपरिक ज्ञानाला पेटंट नाकारणारे पोटकलम आहे आणि ते परीक्षक स्वतःहून लावू शकतो, पण त्यासाठी ते ज्ञान आधी त्याच्या कानावर तर पडायला हवे. कायदा करणाऱ्यांना ही अडचण दिसली होती. म्हणून कलम २५(१) मध्ये अर्ज प्रसिद्ध झाल्यावर आणि पेटंट मिळण्यापूर्वी कोणालाही हरकत घेता येते. त्यातल्या ‘के’ पोटकलमात हरकतीचे कारण म्हणून स्थानिक समाजातले ज्ञान धरले आहे, आणि ते तोंडी असले तरी चालते असे स्पष्ट म्हटले आहे. जगातल्या फार थोड्या कायद्यांनी तोंडी ज्ञानाला इतक्या उघडपणे दार ठेवले असेल. या कलमाचा मला अभिमान वाटतो.

तक्रार दाराबद्दल नाही, उंबऱ्याबद्दल आहे.

आपले पेटंट जर्नल दर शुक्रवारी निघते आणि ते इंग्रजीत असते. ते लोहाऱ्यातला गवंडी वाचणार नाही, हे उघड आहे. समजा त्याच्या मुलाने वाचले. हरकत घ्यायची तर पेटंट नियम, २००३ च्या नियम ९ प्रमाणे कागद हिंदीत किंवा इंग्रजीत हवा. शिवाय २०२४ च्या सुधारित नियमांनी या हरकतीला शुल्क लावले, आणि ती ऐकण्याजोगी आहे की नाही हे आधी नियंत्रक ठरवतील अशी चाळणीही घातली. खोट्या हरकती घालून अर्जदाराला वर्षानुवर्षे लटकवणारे लोक आहेत, त्यांना आवर घालणे गरजेचे होते, हे मला मान्य आहे. पण त्या चाळणीतून औषध कंपनीचा वकील सहज खाली उतरतो आणि मिस्त्री वर अडकतो. मग ‘तोंडी ज्ञान’ या दोन शब्दांना अर्थ काय उरला?

इमारतीतला ठोकळा, लाकडाचा असो की दगडाचा, म्हणजे किरकोळ गोष्ट असे आमच्या जिल्ह्यात कोणी म्हणत नाही, त्याला कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते, माणसे गाढ झोपेत होती. किल्लारी लातूर जिल्ह्यातली, पण सास्तूरसारखी आमची गावेही त्याच रात्री भुईसपाट झाली. मृतांचा सरकारी आकडाच साडेसात हजारांच्या वर आहे. घरे माळवदाची होती. डोक्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, खाली दगड-मातीच्या रुंद भिंती. या भिंतींना बाहेरचा एक पदर आणि आतला एक पदर, मधे भर. दोन्ही पदरांना सांधणारा, भिंतीच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत जाणारा आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हता. हादरा बसला, पदर सुटे झाले, भिंत पोट काढून फुटली आणि माळवद खाली आले.

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १३८२८ या मानकात असे आरपार दगड दर ६० सेंटिमीटर उंचीला आणि आडवे जास्तीत जास्त १.२ मीटर अंतराने घाला असे सांगितले आहे. उभ्या भिंतीत दगड घालता येत नाही, म्हणून दुरुस्तीसाठी वेगळी रीत वापरली. भिंतीतले दगड हलक्या हाताने काढून डमरूच्या आकाराचे भोक पाडायचे, दोन्ही तोंडांशी रुंद आणि मधे निमुळते. त्यात आकडा केलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचे. पहारीने ठोकून भोक पाडले तर भिंतच हलते, म्हणून एकेक दगड हाताने सैल करत काढावा लागतो. ही कला पुस्तकातून येत नाही.

हा डमरू आज आपल्या परीक्षकाला सापडेल, कारण तो कागदावर आहे. का आहे? माणसे हजारांनी मेली म्हणून. जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन कार्यक्रम झाला, ५२ गावे नव्या जागी वसली, रुरकीहून तज्ज्ञ आले, मार्गदर्शक पुस्तिका निघाल्या. एरवी गवंड्याच्या हातातले ज्ञान लिहून घ्यायला कोणी आले नसते. बाभळीच्या ठोकळ्यासाठी भूकंप होण्याची वाट पाहायची का?

आपल्याकडे यावर न्यायालयाचा निवाडाही आहे, आणि तोही एका कारागिराच्या वस्तूचाच. मिर्झापूरच्या भांडी बनवणाऱ्यांचा दावा १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढला. लेथवर भांडे घट्ट धरून ठेवण्याच्या एका युक्तीवर पेटंट होते. न्यायालयाने ते टिकू दिले नाही. कारखान्यात रोजच्या कामात होणारी किरकोळ सुधारणा म्हणजे शोध नव्हे, त्या धंद्यातल्या जाणत्या माणसाला जे सहज सुचेल त्यावर मक्तेदारी देता येत नाही, असे त्या निकालाचे सार आहे. आज कलम २(१)(जेए) मधली ‘त्या कलेतली निपुण व्यक्ती’ तीच. माझा आपल्याला साधा प्रश्न आहे. पत्र्याच्या भिंतीवरच्या ठोकळ्याच्या बाबतीत ही निपुण व्यक्ती कोण? पदवीधर अभियंता, की पत्र्यावर पेन्सिल फिरवणारा मिस्त्री? अभियंत्याला जे नवे वाटेल ते मिस्त्रीला कालचे असू शकते.

हळदीचे उदाहरण सगळे देतात, मी उलट्या कारणासाठी देतो. अमेरिकेत १९९५ मध्ये जखमेवर हळद लावण्याचे पेटंट दिले गेले आणि १९९७ मध्ये रद्द झाले. त्या वेळी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख आपले रघुनाथ माशेलकर होते. पण घराघरातल्या आजीची साक्ष तिथे चालली नाही, परिषदेला जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुढे करावे लागले. त्यातून धडा घेऊन २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभे राहिले. त्यात आयुर्वेद आहे, युनानी आहे, सिद्ध आहे, योग आहे. गवंडीकाम नाही, सुतारकाम नाही, पाथरवटाची टाकी नाही. मे २०२४ मध्ये जिनिव्हात जो आंतरराष्ट्रीय करार झाला तोही जनुकीय संसाधने आणि त्यांच्याशी निगडित ज्ञानापुरता. वनस्पतीचे ज्ञान वाचवायला सगळे धावले, भिंतीचे ज्ञान वाऱ्यावर.

(नळदुर्गचा पाणीमहाल पाहिला असेल तर लक्षात येईल. बोरी नदीच्या बंधाऱ्यावरून पाणी कोसळते आणि बंधाऱ्याच्या पोटात माणूस कोरडा उभा राहतो. आदिलशाही काळातल्या त्या कारागिरांनी पाणी कसे वळवले याचे रेखाचित्र जोडून आज कोणी आपल्याकडे अर्ज केला, तर परीक्षण अहवालात काय येईल, याची मला खरेच उत्सुकता आहे.)

एक बाजू आपलीही आहे आणि ती मी डावलत नाही. अर्ज वर्षानुवर्षे पडून राहत, ही जुनी तक्रार आपण बरीच दूर केली. मार्च २०२३ ते मार्च २०२४ या वर्षात एक लाखाहून अधिक पेटंटे दिली गेली, असे सरकारनेच अभिमानाने जाहीर केले. मला मात्र या आकड्याने काळजी वाटते. वर्षाला लाखभर देताना किती अर्जांत कोणी विचारले की ही वस्तू आमच्याकडे आधीपासून वापरात आहे का? चुकून दिलेले पेटंट वीस वर्षे चालते. उमरग्याच्या एमआयडीसीत कोणी छोट्या साच्यावर तसाच ठोकळा ओतला आणि त्याला नोटीस आली तर दावा जिल्हा न्यायालयात लागेल. त्याने बचावात ‘हे पेटंटच चुकीचे आहे, रद्द करा’ असा प्रतिदावा केला की कलम १०४ प्रमाणे प्रकरण थेट उच्च न्यायालयात जाते. म्हणजे छत्रपती संभाजीनगरची वारी, वकिलाची फी आणि बंद पडलेले यंत्र. असा माणूस लढत नाही. तो साचा भंगारात विकतो.

कायदा बदला असे मी म्हणत नाही. जे हातात आहे तेवढेच मागतो.

नियम ९ मध्ये हिंदी-इंग्रजीच्या सक्तीला कंसात सवलत आहे: नियंत्रकांनी वेगळी परवानगी दिली नसेल तर. ती परवानगी स्थानिक ज्ञानाच्या आधारे घेतलेल्या हरकतींसाठी कायमची देऊन टाका आणि मराठीत आलेला कागद परत पाठवू नका. भाषांतराचा खर्च कार्यालयाने सोसावा. कलम ७९ नियंत्रकाला प्रतिज्ञापत्राऐवजी तोंडी पुरावा घेण्याचा अधिकार देते. तो अधिकार वापरा, आणि त्यासाठी रात्रभर एस.टी.त बसवून कोणाला मुंबईत अँटॉप हिलच्या आपल्या कार्यालयात बोलावू नका. तहसील कचेरीतल्या संगणकावरून मिस्त्री बोलेल, हातातला ठोकळा कॅमेऱ्यासमोर धरेल. अशा हरकतींचे शुल्क माफ व्हावे यासाठी केंद्राकडे शिफारस करा. बांधकामाच्या सुट्या भागांचे अर्ज तपासणाऱ्या परीक्षकांना वर्षातून काही दिवस गावांत पाठवा. लोहाऱ्याला या, पत्र्याच्या दुकानांत हिंडा, काय बघितले ते छायाचित्रांसह लिहून प्रसिद्ध करा. एकदा छापले की ते कलम १३ मधले प्रकाशित कागदपत्र झाले. मग पुढचा परीक्षक दिल्लीत बसला असो की चेन्नईत, त्याला ते सापडेल.

हे छापण्याचे काम आमच्याकडची अभियांत्रिकी महाविद्यालये आणि आयटीआयही करू शकतात, त्यांनी आतापर्यंत केले नाही हा आमचा आळस आहे. तेवढा भाग आम्ही उचलू. आपल्याकडून एक लेखी उत्तर हवे: कलम २५(१) खाली मराठीत लिहिलेली हरकत आपले मुंबई कार्यालय स्वीकारेल की नाही, आणि स्वीकारणार असेल तर कोणत्या तारखेपासून.

आपला,
धाराशिव जिल्ह्यातला एक नागरिक