परतीचा सामना आणि घोड्याची लाथ

‘हमखास’ हा शब्द मराठीत मुळात फारसा विनयशील नसला, तरी त्याच्या वापराला आजवर एक अलिखित मर्यादा होती. छत्री घरी राहिली की हमखास पाऊस येतो, पाहुणे आले की हमखास वीज जाते, असे म्हणणाऱ्याला आपण अतिशयोक्ती करीत आहोत याची जाणीव असे आणि ऐकणाराही ती गृहीत धरूनच मान डोलावीत असे. युरोपातील क्लब फुटबॉलच्या बाद फेऱ्या सुरू झाल्या की सट्ट्याच्या भाकितांचा जो पूर लोटतो, त्यात मात्र हा शब्द शब्दशः अर्थाने वापरला जातो. आणि या आठवड्यात एकाच सामन्याविषयीची तीन भाकिते, तिन्ही ‘हमखास’ आणि तिन्ही परस्परविरोधी, समोर आल्यामुळे प्रस्तुत सदराचा ठरलेला विषय पुन्हा एकदा बाजूला ठेवणे भाग पडले आहे. (ठरलेला विषय म्हणजे गृहनिर्माण सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचे अपूर्ण राहिलेले पुराण; नियमित वाचकांना त्याचे दोन अध्याय ठाऊक आहेत.)

आवश्यक तेवढी माहिती अशी. १९५५-५६ मध्ये युरोपियन कप या नावाने सुरू झालेल्या आणि १९९२-९३ पासून चॅम्पियन्स लीग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धेत २०२४-२५ पासून ३६ संघ प्रत्येकी ८ साखळी सामने खेळतात, पहिले ८ संघ थेट शेवटच्या सोळांत जातात, ९ ते २४ या क्रमांकांचे संघ आपसांत लढून उरलेल्या जागा भरतात, आणि तेथून पुढे अंतिम सामना वगळता प्रत्येक लढत दोन सामन्यांची असते. एक सामना एकाच्या मैदानावर व परतीचा दुसऱ्याच्या मैदानावर झाल्यावर दोन्हींतील गोलांची बेरीज केली जाते आणि बेरीज समान आल्यास ३० मिनिटांचा जादा वेळ व तरीही न सुटल्यास पेनल्टी, असा क्रम आहे. बरोबरी झाल्यास प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर अधिक गोल करणाऱ्याला विजयी ठरवण्याचा नियम १९६५ मध्ये आला होता, तो २०२१-२२ च्या हंगामापासून रद्द झाला.

या रचनेतून एक गोष्ट उघडपणे निष्पन्न होते, ती अशी की परतीचा सामना जिंकणे आणि पुढच्या फेरीत जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि भाकितकार मंडळी नेमक्या याच दोन गोष्टींची सर्रास खिचडी करतात. तीन गोलांची आघाडी घेऊन आलेल्या संघाला त्या रात्री जिंकण्याची गरजच नसते, दोन गोलांनी हरूनही त्याचे काम भागते. त्यामुळे ‘हा संघ अधिक बलवान आहे, म्हणून तो जिंकेल’ हे अनुमान, जे साखळी सामन्यात निदान विचारार्ह असते, ते येथे प्रश्नालाच चुकवून जाते. त्यातही सट्ट्याच्या परिभाषेत ‘सामन्याचा निकाल’ याचा अर्थ ९० मिनिटे आणि पंचाने दिलेला भरपाईचा वेळ एवढ्याच काळातला निकाल असा असतो. जादा वेळ आणि पेनल्टी त्यात धरत नाहीत, त्यांच्यासाठी ‘पुढे कोण जाणार’ किंवा ‘चषक कोण उचलणार’ अशी स्वतंत्र पैज असते. २५ मे २००५ रोजी इस्तंबूल येथील अंतिम सामन्यात लिव्हरपूलने मध्यंतराला मिलानच्या ३-० अशा आघाडीखाली दबून गेल्यावर उत्तरार्धातील सहा मिनिटांत तीन गोल करून बरोबरी साधली आणि पुढे पेनल्टींवर चषक उचलला, हे सर्वश्रुत आहे; परंतु सामन्याच्या निकालावर लिव्हरपूलच्या नावाने पैसे लावणाऱ्याने त्या रात्री, स्वतःचा संघ युरोपचा विजेता झालेला पाहत असतानाच, आपले पैसे रीतसर गमावले, कारण ९० मिनिटांचा निकाल ३-३ असा होता. ‘हमखास’ या शब्दाच्या अभ्यासकाने त्या माणसाची मनःस्थिती कल्पून पाहण्यासारखी आहे.

भाकितांमधला दुसरा आवडता आधार म्हणजे इतिहास. १४ फेब्रुवारी २०१७ रोजी पॅरिस सेंट जर्मेनने बार्सिलोनाला ४-० असे हरवले तेव्हा स्पर्धेच्या इतिहासात चार गोलांची पिछाडी कोणी भरून काढलेली नव्हती आणि म्हणून ती भरून निघणार नाही असे लिहिले गेले. ८ मार्चला परतीच्या सामन्यात कवानीच्या गोलानंतर बार्सिलोनाला, तेव्हाच्या नियमामुळे, आणखी तीन गोलांची गरज होती आणि ८७ मिनिटे संपली तरी ते तिन्ही व्हायचे होते. मग ८८ व्या मिनिटाला नेमारची फ्री किक, भरपाईच्या वेळेत त्याचीच पेनल्टी, आणि ९५ व्या मिनिटाला पुढे सरसावत पाय लांब करून सर्जी रॉबर्टोने चेंडूला दिलेला स्पर्श, असा ६-१ हा निकाल लागला. साहजिकच पुढच्या वर्षापासून बार्सिलोनाचा ‘बाद फेरीतला अनुभव’ हा भाकितांमधला भक्कम मुद्दा झाला, आणि त्याच क्लबने २०१८ मध्ये रोमाविरुद्ध ४-१ ची आघाडी ०-३ अशा पराभवात आणि २०१९ मध्ये लिव्हरपूलविरुद्ध ३-० ची आघाडी ०-४ अशा पराभवात घालवली. एकाच क्लबचा तीन वर्षांचा इतिहास दोन्ही बाजूंनी सारख्याच जोमाने साक्ष देतो; कोर्टात अशा साक्षीदाराला उलटतपासणीच्या आधीच घरी पाठवले असते.

आकडेवारीवर विसंबणारे भाकितकार या भोळेपणाला हसतात, तेव्हा त्यांच्या ‘अपेक्षित गोल’ या संकल्पनेचाही विचार करावा लागतो. पूर्वीच्या असंख्य सामन्यांत एखाद्या ठिकाणाहून, एखाद्या कोनातून मारलेले फटके किती वेळा गोलात गेले हे पाहून प्रत्येक फटक्याला एक संभाव्यता द्यायची आणि सामन्यातील सर्व फटक्यांच्या संभाव्यतांची बेरीज करायची, असे तिचे स्वरूप आहे. कल्पना उत्तम आहे आणि दीर्घ हंगामात ती खरोखरच काही सांगते. मार्च २०२५ मध्ये पॅरिसच्या संघाने घरच्या मैदानावर लिव्हरपूलविरुद्ध २७ फटके मारले, लिव्हरपूलने २ मारले, आणि सामना ८७ व्या मिनिटाच्या एकमेव गोलावर लिव्हरपूलने १-० जिंकला. सहा दिवसांनी लिव्हरपूलच्या मैदानावर पॅरिसने १-० अशी परतफेड केली, पेनल्टींवर लढत जिंकली, आणि ३१ मे रोजी म्युनिकमध्ये इंटर मिलानला ५-० असे हरवून चषकही नेला. म्हणजे आकडेवारी शेवटी खरी ठरली असे कोणी म्हणेल, आणि ते खोटेही नाही. फक्त पहिल्या सामन्याच्या रात्री पैसे लावणाऱ्याला मे महिन्यापर्यंत थांबण्याची सवलत नव्हती.

राहता राहिला भाव, म्हणजे बुकी एका रुपयाला किती रुपये परत देणार तो आकडा, आणि या साऱ्या व्यवहारात प्रामाणिक काही असेल तर ते तेवढेच आहे, अर्थात तो वाचता आला तर. समजा यजमान संघाचा भाव २.००, बरोबरीचा ३.५० आणि पाहुण्यांचा ३.८० आहे, एकाला या आकड्यांनी भागले की अनुक्रमे ५०, २८.६ आणि २६.३ टक्के अशा संभाव्यता मिळतात, त्यांची बेरीज १०४.९ होते, आणि तीनच शक्यता असलेल्या जगात शंभरावरचे हे ४.९ बुकीचे असतात. किराणा दुकानाच्या पारड्याखाली चिकटवलेल्या चिंचेच्या गोळ्याशी याचे नाते जवळचे असले, तरी येथे चिंच सर्वांना दिसेल अशी ठेवलेली असते, हा फरक नमूद केला पाहिजे. भाकितकार मात्र आपल्या वाचकाला चार सामने एकत्र जोडून मोठा भाव मिळवण्याचा सल्ला देतो, आणि भावांबरोबर चिंचेचाही गुणाकार होऊन ती सुमारे २१ टक्क्यांवर जाते, हे सांगायचे विसरतो.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर ही सारी भाकिते एका विचित्र वर्गात मोडतात. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने असा सट्टा येथे गुन्हा आहे, २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवरही बंदी घातली, आणि तरीही हिवाळ्यात भारतीय वेळेनुसार रात्री दीड वाजता सुरू होणाऱ्या सामन्याचा ‘हमखास अंदाज’ मराठीत संध्याकाळीच फोनवर येऊन थडकतो. ज्या औषधाची विक्री बंद आहे त्याची चिठ्ठी डॉक्टरांनी लिहीत राहावे, असा हा प्रकार आहे. जुन्या कायद्याने सूट दिली ती घोड्यांच्या शर्यतीला, म्हणून महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर खिडकीतून रीतसर तिकीट मिळते आणि फुटबॉलवर मिळत नाही.

घोड्यांचा विषय निघालाच आहे, तर येथे हे सांगणे अगत्याचे आहे की फुटबॉलच्या भाकितांचे गणित अखेर घोड्यापाशीच जाऊन पोचते, आणि ते शर्यतीच्या घोड्यापाशी नव्हे, तर लाथ मारणाऱ्या घोड्यापाशी. फ्रेंच गणिती प्वासाँ याने १८३७ मध्ये न्यायालयीन निकालांच्या संभाव्यतेवरील ग्रंथात विरळ घटनांच्या वाटणीचे एक सूत्र मांडले होते. १८९८ मध्ये बोर्टकेविच या सांख्यिकीतज्ज्ञाने प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेने मेलेल्या सैनिकांची नोंद घेऊन ते तपासले. दहा तुकड्यांची वीस वर्षे, म्हणजे २०० नोंदी, आणि एकूण मृत्यू १२२. त्यांपैकी १०९ नोंदींत एकही मृत्यू नव्हता, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, ३ मध्ये तीन आणि एकीत चार; सूत्रानुसार एकही मृत्यू नसलेल्या नोंदी १०८.७ असायला हव्या होत्या. कोणता घोडा कोणत्या दिवशी कोणाला लाथ मारील हे एकाही घोडदळ अधिकाऱ्याला सांगता आले नसते, परंतु वीस वर्षांच्या लाथांचा हिशेब जवळजवळ दशांशापर्यंत जुळला. १९८२ मध्ये माहर याने फुटबॉलचे गोल याच सूत्राने मोजले, १९९७ मध्ये डिक्सन आणि कोल्स यांनी ०-०, १-१ अशा कमी गोलांच्या निकालांसाठी त्यात दुरुस्ती केली, आणि आजची बरीचशी आकडेबाज भाकिते त्याच घराण्यातली आहेत. या घराण्याची कुलपरंपरा अशी की ते एका रात्रीबद्दल काहीही वचन देत नाही; सरासरी दीड गोल करणारा संघही शंभरातल्या सुमारे २२ सामन्यांत कोरडा राहतो, एवढेच ते सांगते.

भाकिताची लाज राखणारी माणसे जगात नाहीत असे नव्हे. हवामान खात्याच्या ‘तुरळक ठिकाणी हलक्या सरी’ या वाक्याची बाजू या सदराने पूर्वीही घेतली आहे आणि त्यावरून झालेली थट्टा सहन केली आहे. पण ‘तुरळक’ या शब्दाला त्या खात्यात मोजमाप आहे, एखाद्या विभागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस, असा त्याचा ठरलेला अर्थ आहे, आणि ‘सामना चुरशीचा होईल’ या वाक्याला तसा कोणताही अर्थ नाही. भाकितांना गुण देण्याची एक सोपी रीतही १९५० मध्ये अमेरिकेच्या हवामान खात्यातील ग्लेन ब्रायर यांनी दाखवून दिली: सांगितलेली संभाव्यता आणि प्रत्यक्षात जे घडले ते, घडले तर एक आणि न घडले तर शून्य, यांतील फरकाचा वर्ग करायचा आणि अशा वर्गांची सरासरी काढायची, शून्य हा सर्वोत्तम गुण. सदोदित ‘पन्नास टक्के’ म्हणणाऱ्या आळशी माणसाला या पद्धतीत ०.२५ मिळतात, ‘हमखास’ म्हणून चुकणाऱ्याला पूर्ण एक. या आठवड्यातल्या तीन भाकितांपैकी निदान दोघांच्या वाट्याला तो आलाच आहे.

ही रीत फुटबॉलबाहेरही चालते. सोसायटीच्या टाकीचे काम ‘हमखास पंधरा दिवसांत’ पुरे होईल असे कंत्राटदाराने गेल्या जूनपासून चार वेळा सांगितले असून, त्यांचा ब्रायर गुण आजमितीस पूर्ण एक आहे.