दुपारची झोप आमची, सकाळची कुणाची?

या आठवड्यात आमच्या गल्लीत एका नववीतल्या पोराच्या तोंडावर तांब्याभर पाणी पडलं. वेळ सकाळी सहाची. पाणी ओतणारे त्याचे आजोबा, आमच्या सगळ्या गल्लीचे नाना. ते पहाटेच तापीवर जाऊन, केदारेश्वराला पाणी घालून आलेले. उरलेलं नातवाला घातलं. वर आरोळी, "उठ रे, दिन माथावर उना!" माथ्यावर कसला, नुकतं कुठे तांबडं फुटत होतं. पण नानांनी दिवस उगवला म्हटलं की आमच्या प्रकाशा गावात तो उगवतोच.

मी मध्ये पडलो. ही माझी खोड नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे, बायकोला जरा जास्तच. म्हटलं, "नाना, झोपू द्या ना पोराला. वयच तसं आहे." नाना म्हणाले, "तुम्ही पेपरवाल्यांनीच पोरं बिघडवली. वय नाही भो, मोबाइल!"

आता पेपरवाला आहे म्हणून थोडी माहिती. डिसेंबर 2023 मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही, शाळांच्या वेळा बदला, असं सुचवलं. फेब्रुवारी 2024 मध्ये आदेश निघाला, पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नका. चौथीपर्यंतच! खरी अडचण तर पुढे सुरू होते. वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात एक-दोन तास उशिरा तयार व्हायला लागतं. पोराला दहाला अंथरुणात कोंबलं तरी अकरापर्यंत ते आढ्याकडे बघत पडतं. 13 ते 18 वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास झोप हवी आणि सातच्या शाळेसाठी उठायचं साडेपाचला. हिशेब नानांनीच करावा. कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये यासाठी कायदाच केला. 2022 पासून तिथली बहुतेक हायस्कुलं साडेआठच्या आधी भरत नाहीत.

नानांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कॅलिफोर्नियात केळीला रात्री पाणी कोण भरतं?"

इथे मी गप्प झालो, कारण प्रश्न चोख होता. आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाइट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की घरातला धडधाकट माणूस बॅटरी घेऊन मळ्यात जातो. पोराचा बाप आजारी, म्हणून आदल्या रात्री पोरगाच गेला होता. उसाच्या कडेने, जिथे शहादा-तळोद्याकडचे बिबटे अधूनमधून दर्शन देतात. आणि नानांचा तो वैरी मोबाइल? तो मोटारीच्या ऑटो स्टार्टरला जोडलेला. लाइट आली की त्याच्यावरच फोन येतो. रात्री एक वाजता उठवणारा मोबाइल गुणाचा आणि अकराला रील दाखवणारा वाया गेलेला, असा हा न्याय आहे. दोन्ही वेळा झोप त्याच पोराची जाते आणि शाळेत पहिल्या तासाला डुलकी लागली म्हणून बाकावर उभंही तेच राहतं.

उरलेल्या रात्री लग्नसराई खाते. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद, असा नियम 2000 सालापासून आहे. आमच्याकडे दहाला वऱ्हाडी जेवायला बसतात आणि त्यानंतर डीजेला कंठ फुटतो. सकाळी त्याच नाचलेल्या काकांच्या तोंडून ऐकायचं की आजकालची पोरं फार झोपतात.

पण मला खरा राग आहे तो दुपारचा. दुपारी एकच्या पुढे गावात फिरून बघा. ओट्यावर, पारावर, दुकानाच्या गल्ल्यामागे, पंख्याखाली आणि पंख्याशिवाय, अख्खी वडीलधारी पिढी आडवी. नाना तर उपरणं तोंडावर घेऊन असे घोरतात की समोरचं कुत्रं जागा बदलतं. त्यांना उठवायची कुणाची छाती आहे? पोरं चोरपावलांनी चालतात, सुना भांडी वाजू देत नाहीत. याला वामकुक्षी म्हणतात, ती शास्त्रात सांगितलेली आहे, तिने अन्न पचतं. पोराने रविवारी आठपर्यंत ताणून दिली की त्याला आळस म्हणतात आणि त्याने घराण्याचं नाव जातं. मोठ्यांनी पहाटे चारला उठावं, दुपारी उरलेलं भरून काढावं. पोराला मात्र दुपारी क्लास, संध्याकाळी जनावरांचं वैरण-पाणी, रात्री गृहपाठ. भरून काढायला त्याच्याकडे तास शिल्लक कुठे आहे?

म्हणून शिक्षण खात्याला विनंती, चौथीची रेघ बारावीपर्यंत ओढा. शाळेच्या खोल्या कमी पडतात, एसटीच्या वेळा जुळत नाहीत, हे ठाऊक आहे. पण चौथीपर्यंत जुळवलंतच ना? महावितरणने शेतीची लाइट दिवसा द्यावी. नानांनी तांब्याचं पाणी तुळशीला घालावं. आणि या लेखावर कुणाला भांडायचं असेल तर सकाळी या, संध्याकाळी या. दुपारी एक ते तीन मात्र मला फोन करू नये.