ओसरीवरील गोष्टी : सूनबाईंना कोणीं विचारलें?

मोठ्या कुटुंबांत ‘फार थकवा येतो’ हें वाक्य सहसा कोणी मनावर घेत नाहीं. आमच्या घरीं तेंच झालें. धाकट्या सूनबाईंना एका डोळ्यानें अंधुक दिसूं लागलें. कांहीं आठवड्यांत तें आपोआप निवळलें. पुढें पायांना मुंग्या येऊं लागल्या, उन्हाळ्यांत हातांतून भांडें सुटूं लागलें. आम्हीं नवा चष्मा करण्याचा सल्ला दिला आणि मनांतल्या मनांत ‘कामाचा कंटाळा’ असा शेराही मारला. दोन वर्षांनीं तज्ज्ञांनीं रोगाचें नांव सांगितलें : मल्टिपल स्क्लेरोसिस. पस्तीस वर्षें मुलांची उत्तरें तपासणाऱ्या मास्तरानें घरांत प्रश्नच विचारला नव्हता!

पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयांत शार्को ह्या वैद्यानें १८६८ सालीं ह्या रोगाचें स्पष्ट वर्णन केलें. मज्जातंतूंवर मायलिन नांवाचें स्निग्ध वेष्टन असतें. शरीराची संरक्षक शक्तीच चुकून त्यावर घाला घालते आणि मेंदूचे निरोप वाटेंत अडखळतात. रोग बहुधा विशी ते चाळिशींत प्रकट होतो. स्त्रियांत त्याचें प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून अधिक आढळतें.

कॅनडांतील चार प्रांतांच्या वैद्यकीय नोंदी पाहून २०१७ सालीं संशोधकांनीं दाखविलें कीं, रोगाचा पहिला झटका ओळखला जाण्यापूर्वीं पांच वर्षें ह्या रोग्यांच्या दवाखान्याच्या खेपा इतरांपेक्षां वाढलेल्या असतात. मग त्या वेळींच प्रश्नावली देऊन सावध कां होऊं नये? मशीन लर्निंग म्हणतात तें येथें उपयोगी पडतें. ज्यांचा रोग ठरला आहे त्यांचीं आणि निरोगी माणसांचीं उत्तरें यंत्राला पुरविली, म्हणजे कोणत्या उत्तरांच्या मेळाला किती वजन द्यावें हें तें स्वतःच शिकतें.

परंतु आमच्या जुन्या तर्कशास्त्राचा येथें विसर पडूं नये. धुरावरून अग्नीचें अनुमान होतें, कारण अग्नीवांचून धूर नसतो. थकवा आणि मुंग्या हा मात्र सव्यभिचार हेतु होय. रक्तक्षय, थायरॉइडचा विकार आणि शाकाहारी घरांत वारंवार आढळणारी बी-१२ ची उणीव, ह्यांतही तीं लक्षणें असूं शकतात.

थोडा हिशेब करूं. समजा, एक लाख वस्तींत ३० रोगी आहेत. यंत्र शंभर रोग्यांपैकीं ९० ओळखतें आणि शंभर निरोग्यांपैकीं केवळ ५ जणांवर खोटा संशय घेतें. परीक्षेंत असे गुण मिळाले तर आम्ही पेढे वांटूं! तरीही खरे रोगी सांपडतील २७ आणि विनाकारण घाबरतील सुमारें ५०००. म्हणून अशी चाळणी साऱ्या गांवाला लावण्याची नव्हे; जे तक्रार घेऊन आधींच वैद्याकडे आले आहेत, त्यांच्यांतून कोणाला तज्ज्ञांकडे लवकर पाठवावें, एवढें सांगण्याची आहे. निर्णय व्हावयाचा तो तज्ज्ञांच्या तपासणीनें, एम. आर. आय. च्या चित्रानें आणि जरूर तर पाठीच्या कण्यांतील पाण्याच्या परीक्षेनें. २००१ पासून वेळोवेळीं सुधारलेले मॅकडोनाल्ड यांचे निकष त्यासाठीं आहेत.

ह्या उद्योगांतील खरी अडचण यंत्राची नसून उत्तराची आहे. सुनेचा कागद सासूनें किंवा सासऱ्यानें भरला, तर ‘थकवा’ ह्या रकान्यांत ‘नाहीं’ असेंच पडेल! जिची तक्रार कोठेंच नोंदली गेली नाहीं, ती यंत्राच्या लेखीं निरोगीच राहते. आज झटके कमी करणारीं आणि पंगुत्व लांबविणारीं औषधें आहेत. तीं जितकीं लवकर मिळतील तितकें बरें. आमच्या दिरंगाईनें गेलेलीं दोन वर्षें मात्र कोणतेंही औषध परत देणार नाहीं.

वाचकांस एवढीच विनंति : घरांतील कोणाची दृष्टि एकाएकीं अंधुक झाली, डोळा हलवितांना दुखूं लागला, बधिरपणा किंवा तोल जाणें दिवसाहून अधिक टिकलें, तर त्याची तारीख टिपून ठेवावी आणि वैद्याला दाखवावें, बरें झालें तरीही दाखवावें. आणि ती नोंद ज्याची त्यानेंच लिहावी. आमच्या सूनबाई आतां आपली वही स्वतः लिहितात. आम्ही ती तपासत नाहीं, फक्त ऐकतों.