कारा नावाची मुलगी

कॉमिक्सवेड्या दोघांना शेजारी बसवून 'यातली अधिकृत गोष्ट कोणती?' एवढंच विचारा. जेवण गार होईल, वाद नाही. मीही हिरिरीने भांडलोय. पण सुपरगर्लचं प्रकरण कळल्यापासून तो उत्साह ओसरला.

सुपरगर्ल म्हणजे कारा, सुपरमॅनची चुलतबहीण. १९५९ साली आली. १९८५ मध्ये 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स'च्या सातव्या अंकात त्याला वाचवताना ती मेली. तिचा देह हातांवर घेऊन रडणारा सुपरमॅन मुखपृष्ठावरच आहे. मग डीसीवाल्यांनी ठरवलं, क्रिप्टन ग्रहावरून वाचलेला सुपरमॅन एकटाच! म्हणजे कारा मेली असंही नाही, ती कधी नव्हतीच. रडणारा भाऊसुद्धा तिला विसरला. का, तर इतिहासाची वही सुटसुटीत हवी.

१९८९ च्या एका नाताळ विशेषांकात अ‍ॅलन ब्रेनर्टने छोटीशी गोष्ट लिहिली. डेडमॅन हे एक भूत. आपण केलेलं भलं कुणाला कळतच नाही म्हणून वैतागलेलं. त्याला एक अनोळखी मुलगी भेटते. भलं काय कौतुकासाठी करतात का, म्हणून चांगली कानउघाडणी करते. जाताना नाव सांगते, कारा. त्याला काही उलगडा होत नाही. आपल्याला होतो...

अधिकृत हिशेबात ही मुलगी बसत नाही. नसेना का! मी तीच खरी धरतो. २००४ मध्ये डीसीने सुपरगर्ल म्हणून पुन्हा कारा आणली, पण ती नवी कोरी. भावासाठी मेलेली ती ही नव्हे.