कामचुकार नव्हे, उपाशी!

मंडळी, मराठी घेऊन बी.ए. झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त मास्तराने काँप्युटर दुरुस्तीवर लिहावं म्हणजे जरा अतीच झालं. हसा खुशाल! पण यंदाच्या एप्रिलमध्ये आमच्या घरी जे रामायण घडलं, त्यातून माझं एक मत तयार झालं आहे आणि ते मांडल्याशिवाय मला राहवणार नाही.

नातवाचा काँप्युटर आम्ही २०२२ च्या दिवाळीत घरीच असेंबल केला. 'आम्ही' म्हणजे त्याने स्क्रू पिळले, मी बॅटरी धरली आणि सौ.ने चहा केला. प्रोसेसर आय-फाइव्ह १२४००एफ, ग्राफिक कार्ड आरटीएक्स ३०६०. त्याला अ‍ॅनिमेशन शिकायचं होतं. कॉलेजची छोटी कामं त्यावर मजेत झाली. यंदा मात्र त्याला पहिलं पैशांचं काम मिळालं, आणि ते रात्रभर रेंडरला लावलं की काँप्युटर फट्कन बंद! निळा पडदा नाही, काही सूचना नाही. पंखे थांबायचे, खोलीत अंधार. बटण दाबूनही चालू होत नसे. मागचा स्विच बंद करून, थोडं थांबून पुन्हा लावला की मग जागा व्हायचा. मेल, सिनेमा, टायपिंग यात कधीच तक्रार नाही. काम जड झालं की मान टाकायचा.

मी काय म्हणालो असेन? "गेम खेळून खेळून मशीनची वाट लावलीस." काम द्यायची तारीख चार दिवसांवर होती. पोरगं काही बोललं नाही. ताटावरून उठलं आणि खोलीत गेलं.

मग उपायांची रांग लागली. ओळखीचा दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, फॉरमॅट मारू." फॉरमॅट मारला. पुन्हा बंद. शेजारचे म्हणाले, रॅम काढून खोडरबराने घासा. खोडरबर तर मास्तराच्या घरी हवे तेवढे! घासली. पुन्हा बंद. मी म्हटलं, सोलापूरचा उन्हाळा आहे, तापत असणार. कॅबिनेटची बाजू उघडून टेबलफॅन लावला, ब्रशने धूळ काढली. तरी बंद. शेवटी दुरुस्तीवाल्याने निकाल दिला, "मदरबोर्ड गेला. नवीनच घ्या."

इथे नातवाने सूत्रं हातात घेतली, आणि माझ्या चाळीस वर्षांच्या मास्तरकीला लाजवेल अशा शिस्तीने घेतली. वहीत तक्ता आखला. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर नोंद.

आधी तापमान. एचडब्ल्यू-इन्फो नावाच्या प्रोग्रामने दर दोन सेकंदांना आकडे लिहून ठेवले. बंद पडायच्या क्षणी प्रोसेसर ७८ अंशांवर होता. त्याची मर्यादा १०० अंशांची, आणि हल्लीचे प्रोसेसर तापले की आधी स्वतःचा वेग कमी करतात, एकदम जीव सोडत नाहीत. म्हणजे उन्हाळा निर्दोष. विंडोजच्या नोंदीत 'कर्नल-पॉवर ४१' असं सापडलं. मला वाटलं, सापडला चोर! पण त्याचा अर्थ इतकाच, की मागच्या वेळी काँप्युटर रीतसर बंद झाला नव्हता. का, ते त्यात नसतं. मग यूपीएस. आमचा ६०० व्हीएचा, म्हणजे जेमतेम ३६० वॅट पेलणारा. तो मधून काढून थेट भिंतीच्या सॉकेटला जोडलं. तरी बंद.

मग त्याने केलं ते मला फार आवडलं. फक्त प्रोसेसरला अर्धा तास राबवलं, काही झालं नाही. फक्त ग्राफिक कार्डाला अर्धा तास राबवलं, काही झालं नाही. दोघांना एकदम जुंपलं, आणि तिसऱ्या मिनिटाला अंधार! दोघंही एकेकटे धडधाकट, म्हणजे दोघांना मिळून पुरवणारा कोण, ते बघायचं. एसएमपीएस.

त्याच्या लेबलावर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट. खाली बारीक अक्षरांत १२ व्होल्टच्या ओळीपुढे २५ अँपिअर. बारा गुणिले पंचवीस, तीनशे. प्रोसेसर आणि कार्ड आपलं जवळपास सगळं अन्न याच ओळीतून घेतात. कार्डाला १७० वॅट, प्रोसेसरला जोरात असताना ११७. झाले २८७. पंखे, डिस्क आणि मदरबोर्डाचा वाटा वेगळाच. शिवाय कार्ड मधूनच क्षणभर ठरल्यापेक्षा बरंच जास्त ओढतं. तो क्षण आला की एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी सगळंच तोडतो. खात्री करायला नातवाने कार्डाची मर्यादा ७० टक्क्यांवर आणली. रात्रभर रेंडर चाललं, जरा सावकाश, पण एकदाही न थांबता.

सौ. म्हणाली, "पंगत शंभराची आणि चूल एकच!" एवढं सगळं तिने एका वाक्यात आटपलं.

आता कबुलीजबाब. तो एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट आला होता. त्या कार्डासाठी ५५० वॅटचा सांगितलाय, वेगळा घेऊ, असं नातू २०२२ मध्येच म्हणत होता. "आतल्या डब्याला कोण बघतंय? चार-साडेचार हजार वाचव," हे बोल माझे. बाहेर दिसणाऱ्या वस्तूंना आपण पैसे मोजतो आणि आतून पोसणाऱ्या वस्तूवर काटकसर करतो. वर तीच वस्तू कमी पडली की राबणाऱ्यालाच नावं ठेवतो.

म्हणून माझं मत असं, की भार पडल्यावर जो बंद पडतो त्याला कामचुकार म्हणण्याआधी त्याला काय पुरवलं ते तपासावं. हे मला काँप्युटरमुळे पंचाहत्तरीत कळावं याची खंत वाटते. एका मुलाच्या प्रगतिपुस्तकावर मी लिहिलं होतं, "वर्गात हुशार, परीक्षेत कच खातो." तो पहाटे चारला उठून दूध घालून, रिकाम्या पोटी शाळेत येत असे. हे मला त्याने शाळा सोडल्यावर कळलं. त्याच्यासाठी मी कसला तक्ता आखला नव्हता. शेरा मारून मोकळा झालो होतो.

असो. नातवाने मित्राचा ६५० वॅटचा एसएमपीएस दोन दिवस मागून आणून लावून पाहिला, आणि खात्री पटल्यावरच नवा घेतला. पैसे मी दिले. काम एक दिवस उशिरा गेलं, पण गेलं. तुमच्याकडे असं होत असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका, बंद असतानाही आत वीज साठलेली असते. आणि जुन्याच्या वायरी नव्याला लावू नका, दोन्हींची जोडणी वेगळी असू शकते आणि सगळंच जळू शकतं.

नातवाची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या ना आजोबा." पण त्या वहीतल्या तक्त्याखाली मी लाल शाईने 'शाबास' लिहिलं आहे. दूध घालणाऱ्या मुलाचा पत्ता मात्र माझ्याकडे नाही.