कुऱ्हाड थांबवणारी माणसं



जमीन, पाणी, जंगल वाचवण्यासाठी कायदा मोडून त्याची शिक्षा स्वतः भोगणाऱ्या माणसांवर यंदाचा दिवाळी अंक काढला आहे. सणाच्या अंकाला हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण महाराष्ट्रातला असा पहिला मोठा लढा सुरू झाला तोही सणाच्याच दिवशी, १९२१ च्या रामनवमीला. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटा कंपनी मुळशीत धरण बांधत होती आणि त्यात मावळातली गावं बुडणार होती. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे यांच्यासोबत मावळे बायकापोरांसह थेट धरणाच्या जागेवर जाऊन बसले. काम थांबलं. सहा महिने काम बंद ठेवायला कंपनी राजी झाली.

पुढे काम पुन्हा सुरू झालं. बायका-पुरुष तुरुंगात गेले. पुण्यातले सावकार आणि जमीनमालक नुकसानभरपाईवर तयार झाले आणि कसणारे एकटे पडले. १९२४ मध्ये बापटांनी हत्यार घेऊन रेल्वे अडवली, त्यापायी सात वर्षं कैद भोगली. त्यांच्या त्यागापुढे आम्ही नतमस्तक आहोत, पण त्या कृतीच्या बाजूने नाही. हत्यार दिसलं की लोक हत्याराबद्दलच बोलतात, बुडणारी शेतं बाजूला पडतात. सत्तर वर्षांनी नर्मदेकाठी मणिबेली गावचे आदिवासी सरदार सरोवर धरणाच्या चढत्या पाण्यात रिकाम्या हातांनी उभे राहिले, तेव्हा विषय त्यांच्या गावावरून हलला नाही.

‘कोर्टात जा, रस्ता कशाला अडवता?’ असं या माणसांना नेहमी सुनावलं जातं. मुंबईतल्या आरेच्या जंगलासाठी लढणारी माणसं कोर्टातच गेली होती. ४ ऑक्टोबर २०१९ ला, शुक्रवारी, उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायला सुरुवात झाली. अंधारात धावून आलेल्या तरुण मुलामुलींपैकी २९ जणांना अटक झाली. सोमवारी सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, पण तोवर २,१४१ झाडं पडली होती.

पैशाचा दावा हरलेला माणूस अपिलात जिंकला, तर त्याचे पैसे परत मिळतात. बुडालेलं गाव किंवा तोडलेलं जंगल अपिलात परत मिळत नाही. यंत्रासमोर बसणारा माणूस निकाल स्वतःच्या हातात घेत नाही. निकाल लागेपर्यंत ज्यावर निकाल द्यायचा ते शिल्लक राहावं, एवढंच तो मागतो. त्यासाठी आपलं अंग मध्ये घालतो, पोलिसांना नाव-पत्ता सांगतो आणि गाडीत जाऊन बसतो. याला बेशिस्त म्हणणं आम्हाला मान्य नाही.

सरकारकडे आमचं मागणं साधं आहे. अपिलाची मुदत संपेपर्यंत एकाही झाडावर कुऱ्हाड चालणार नाही, असा नियम करा. तो होईपर्यंत लोक झाडांपाशी जाऊन बसतील आणि हा अंक त्यांच्या बाजूने उभा राहील.

– संपादक