सगळं एकदाच मिळू द्या

उबुंटू या लिनक्स प्रणालीने ऑक्टोबर 2023 च्या 23.10 आवृत्तीपासून आटोपशीर इन्स्टॉलेशन हाच पहिला पर्याय केला: ब्राउझर आणि मोजकी साधनं. लिबरऑफिस हा ऑफिस-संच वगैरे हवं असेल तर दुसरा पर्याय निवडायचा. तो शिल्लक ठेवला हे बरंच झालं, पण माझ्या मते त्या पर्यायात याहून बरंच जास्त भरून द्यायला हवं. ‘लागेल ते नंतर उतरवून घ्या’ हा सल्ला बोईसर स्टेशनाजवळ चालून जातो. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात, जिथे रेंज शोधत टेकाडावर जावं लागतं, तिथल्या शाळेने काय करायचं? वीस संगणकांसाठी तीच फाईल वीसदा उतरवायची? केरळमध्ये काईट ही सरकारी संस्था शाळांसाठी शैक्षणिक सॉफ्टवेअर आधीच भरलेली लिनक्स प्रणाली देते; डेबियन या लिनक्स प्रणालीच्या डीव्हीडी संचांमागेही हाच विचार आहे. आक्षेप असा की जितकी सॉफ्टवेअर जास्त, तितक्या सुरक्षेच्या फटी जास्त. खरं आहे. पाम, कुंभवली, सालवड या गावांशेजारी पसरलेल्या तारापूर एमआयडीसीत यंत्रं चालवणाऱ्या संगणकावर खेळ आणि चित्रं रंगवायची साधनं कशाला हवीत? तिथे कमीत कमीच योग्य. पण हा युक्तिवाद सक्तीविरुद्ध आहे, पर्यायाविरुद्ध नाही. डिस्कवरची जागा अडते म्हणावं, तर इन्स्टॉलरने लागणारा आकडा आधीच दाखवावा आणि निवड माणसावर सोडावी. खरी अडचण अपडेटची: भरलेलं सगळं ताजं ठेवायलाही इंटरनेट लागतंच. त्यासाठी तालुक्याच्या ठिकाणाहून पेन ड्राइव्हवर अपडेट नेण्याची सोय इन्स्टॉलरसोबतच द्यायला हवी.